ट्रॅक बाराशे किलोमीटरवर, गतिरोधक दारात

ब्रेक तापतात ही तक्रार भिलाईच्या रिसाली वस्तीतल्या घरात करणं अवघड आहे. इथे घरोघरी भिलाई पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेलं कुणी ना कुणी भेटतं आणि अशा माणसाची उष्णतेची मोजपट्टी वेगळी असते. झोतभट्टीतून निघणारा लोखंडाचा रस पंधराशे अंशांच्या आसपास असतो. त्याच्यासमोर ज्यांनी उमर काढली त्यांना मुलगा सांगतो, ‘बाबा, ट्रॅकवर ब्रेकची डिस्क सहाशे डिग्रीपर्यंत जाते.’ बाबा वर्तमानपत्रातून मान वर न काढता विचारतात, ‘बरं. मग गरम कधी होते?’

हा मुलगा म्हणजे कुणी एक नव्हे. ती एक जात आहे. तिशीच्या अलीकडे-पलीकडे वय, सीजी-०७ नंबरची स्विफ्ट किंवा पोलो, नोकरी रायपूरला किंवा पुण्याच्या कंपनीत घरबसल्या, आणि मोबाइलमध्ये बायकोपेक्षा ब्रेकच्या कॅलिपरचे फोटो जास्त. भिलाईतल्या मराठी घरात तो जन्मला असेल तर आजोबा बहुधा नागपूर, भंडारा, गोंदिया या बाजूने आलेले. छत्तीसगड आणि विदर्भ १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते, त्यामुळे ही ये-जा जुनी. त्याहून जुनी म्हणजे १७४१ ची. नागपूरच्या भोसल्यांचा सेनानी भास्करराम कोल्हटकर त्या साली छत्तीसगडातल्या रतनपूरवर चालून आला. त्या स्वारीत थांबायचा विचार फारसा नव्हता, म्हणून ब्रेकचा प्रश्न उद्‌भवला नाही. आताच्या पिढीला मात्र थांबायचंच वेड लागलं आहे: जास्तीत जास्त वेगात जाऊन कमीत कमी जागेत थांबायचं, पुन्हा निघायचं, पुन्हा थांबायचं. याला ‘ट्रॅक डे’ म्हणतात.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, हे घरी दहादा सांगावं लागतं. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं, गाडीची तपासणी करून घ्यायची आणि ठरलेल्या वेळात स्वतःची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर मनसोक्त पळवायची. नंबर नाही, चषक नाही. ओव्हरटेक करायचं तेही ठरवून दिलेल्या जागी, पुढच्याने हात केला की. ‘म्हणजे पैसे देऊन गोल-गोल फिरायचं आणि जिथून निघालो तिथेच परत यायचं?’ असं आई विचारते. या व्याख्येत चूक काढणं आजवर कुणाला जमलेलं नाही.

पहिली अडचण ब्रेकची नाही, भूगोलाची आहे. मोटार शर्यतीचे ट्रॅक भारतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि ते सगळे जणू भिलाई टाळून बांधले आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा मद्रासचा ट्रॅक १९९० पासून आहे, लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणं बारा. कोइम्बतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे २००३ चा, २.१ किलोमीटरचा, तो तर आणखी खाली. ग्रेटर नोएडातला बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ५.१२५ किलोमीटरचा; तिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही वर्षी सेबास्टियन फेटेलच जिंकला. पुढे ती बंद पडली ते उरलेल्यांना कंटाळा आला म्हणून नव्हे; करांचं भांडण होतं. रिसालीहून चेन्नई काय किंवा नोएडा काय, रस्त्याने हजार-बाराशे किलोमीटर. म्हणजे वीस-वीस मिनिटांच्या तीन-चार फेऱ्यांसाठी दोन दिवस जायचे, दोन दिवस यायचे. गाडी ज्या ब्रेकांवर ट्रॅक गाजवणार, त्याच ब्रेकांवर तिला आधी हायवेवरच्या म्हशींपुढे थांबायचं असतं.

त्यातल्या त्यात जवळ म्हणावा असा ट्रॅक इंदूरजवळ पीथमपूरला आहे, नॅट्रॅक्स. २९ जून २०२१ रोजी तेव्हाचे अवजड उद्योगमंत्री प्रकाश जावडेकर यांनी त्याच्या अतिवेगवान मार्गाचं उद्‌घाटन केलं. लांबी ११.३ किलोमीटर, आशियातला सर्वांत लांब. पण तो अंडाकृती आहे आणि त्याच्या कडा अशा तिरप्या बांधल्या आहेत की वेगात वळताना ब्रेक लावावाच लागू नये. सगळी हौस ब्रेकची, आणि जवळ सापडला तो ब्रेक न लावण्याचा ट्रॅक! त्याच आवारात ब्रेक तपासायची वेगळी पट्टी आहे, पण ती जागा मुळात कंपन्यांच्या गाड्या तपासण्यासाठी. तिथे रविवारी सकाळी ‘जरा पॅड बघून येतो’ म्हणून जाता येत नाही.

मग नजर नंदिनीकडे वळते. कारखान्याच्या चुनखडीच्या खाणी आहेत तिथे कारखान्याचीच धावपट्टी आहे. रिसालीच्या हौशी मंडळींच्या डोक्यात इतिहास पक्का असतो: मद्रासच्या शर्यती १९९० पूर्वी शोलावरमच्या जुन्या युद्धकालीन धावपट्टीवर होत, इंग्लंडचं सिल्व्हरस्टोनही मुळात महायुद्धातला विमानतळच. मग नंदिनी का नको? हा प्रश्न ते एकमेकांना विचारतात. ज्यांच्याकडे धावपट्टीची किल्ली आहे त्यांना अजून कुणी विचारलेला दिसत नाही.

असो. ट्रॅक लांब असला तरी तयारी घरी करता येते, आणि तयारीचा मराठी माणसाला कंटाळा नाही.

आधी उष्णतेचा हिशेब, कारण तो बाबांनाही पटतो. ब्रेक काही वेग खात नाही, तो वेगाची उष्णता करतो. साधारण नऊशे किलोची स्विफ्ट, चालक आणि पेट्रोल धरून हजार किलो समजा. ताशी शंभर किलोमीटरवरून ती पूर्ण थांबवली तर जवळजवळ ३८६ किलोज्यूल उष्णता तयार होते. भिलाईच्या हिवाळ्यातलं लिटरभराहून थोडं जास्त पाणी उकळायला एवढी पुरते. थोडक्यात, एकदा करकचून ब्रेक दाबला की दहा कप चहाचं आधण होतं. ताशी १४० वरून थांबवलं तर वीस कप, कारण उष्णता वेगाच्या वर्गाने वाढते. मद्रासच्या ट्रॅकवर वीस मिनिटांच्या एका सत्रात असं पंचवीस-तीस वेळा होतं. गाडी दर वेळी पूर्ण थांबत नाही हे खरं, पण दोन ब्रेकांच्या मध्ये डिस्क निवायला मोजके सेकंद मिळतात हेही खरं. रिसाली ते सिव्हिक सेंटर या प्रवासात एवढी उष्णता वर्षभरात कधी एकदम साठत नाही. म्हणून गावात जो ब्रेक ‘एकदम टाइट’ वाटतो, तो ट्रॅकवर चौथ्या-पाचव्या फेरीला अंग काढून घेतो.

अंग काढून घेण्याचे प्रकार दोन, आणि फरक पायाला कळतो. पहिल्या प्रकारात पेडल नेहमीसारखं कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. पॅड आपल्या कुवतीबाहेर तापलेलं असतं. घरच्या वापराच्या पॅडला साडेतीनशे-चारशे अंशांपुढे घर्षणाचा कंटाळा येतो. दुसऱ्या प्रकारात पेडल मऊ होतं आणि थेट तळाला जातं. हा प्रकार जास्त वाईट, आणि त्याला जबाबदार असते ती गाडीतली सर्वांत स्वस्त वस्तू: ब्रेक ऑइल.

ब्रेक ऑइल हे ऑइल नाही, पण गॅरेजात त्याला दुसरं नाव घेतलं तर मिस्त्री संशयाने बघतो. आपल्या गाड्यांत जे असतं ते ग्लायकॉल जातीचं, आणि त्याला पाणी शोषायचं व्यसन असतं. रबरी नळ्यांतून, टाकीच्या झाकणातून ते हवेतला ओलावा ओढत राहतं. डॉट-४ प्रतीचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे; त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की हीच हद्द १५५ वर येते. डॉट-३ ची हद्द २०५ आणि पाणी शिरल्यावर १४०. पाणी शोषायला भिलाईचा एक पावसाळा पुरेसा आहे असं नाही, पण दोन-तीन पावसाळे काढलेलं ऑइल ट्रॅकवर नेणं म्हणजे धाडस. पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर तापला की ते उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि द्रव दाबला जात नाही पण वाफ दाबली जाते. पाय खाली जातो, गाडी पुढे जाते.

यावरचा उपाय काही शे रुपयांचा: जुनं ऑइल पूर्ण काढून चांगलं डॉट-४ किंवा डॉट-५.१ भरायचं आणि चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढायची. डॉट-५ नाही बरं! नाव सारखं असलं तरी ते सिलिकॉनचं, त्याची यात सरमिसळ चालत नाही. नावं ठेवणाऱ्याला शर्यतीत उभं करून विचारायला हवं. हवा काढायला दोन माणसं लागतात: एक चाकाशी नट ढिला-घट्ट करणारा आणि एक पेडल दाबणारा. रिसालीत दुसरा माणूस म्हणजे बहुधा धाकटा भाऊ. ‘दाब… धर… सोड… अरे, सोड म्हणालो का मी?’ अशा संवादात दोन भावांचं महिन्याचं बोलणं संपतं.

पण ब्रेक ऑइल दिसत नाही! या खेळातली सगळी शोकांतिका इथे आहे. पाचशे रुपयांचं ऑइल बदललं हे शेजाऱ्याला दाखवणार कसं? बॉनेट उघडून झाकण फिरवून? त्यामुळे हौशी माणूस ज्या क्रमाने खर्च करतो तो गरजेच्या बरोबर उलटा असतो. सर्वांत आधी कॅलिपरला लाल रंग. रंगाने ब्रेक सुधारत नाही, पण रंग उष्णता सोसणारा असेल तर बिघडतही नाही, म्हणून हा त्यातल्या त्यात निरुपद्रवी टप्पा. मागच्या चाकाला डिस्क नसते, ड्रम असतो. तिथेही लाल रंग लागतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रमच असतात, आणि ती काही मोठी लाजेची गोष्ट नाही. जोरात ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि थांबवण्याचं दोन-तृतीयांशाहून जास्त काम पुढची चाकं करतात. मागे डिस्क बसवण्यासाठी हजारो रुपये घालवणारा माणूस उरलेल्या तृतीयांशाची सेवा करत असतो.

दुसरा टप्पा छिद्रं पाडलेल्या डिस्कचा. दिसायला झकास. मात्र ट्रॅकवर तापणं-निवणं सतत चाललं की भेगा पडायला सुरुवात होते ती नेमकी त्या छिद्रांपासून. ट्रॅकवर नियमित जाणारे लोक साधी डिस्क किंवा फार तर खाचा पाडलेली घेतात. इथे बाबा पहिल्यांदा वर्तमानपत्र खाली ठेवतात, कारण विषय धातूचा निघालेला असतो. ज्या गावाने देशाला रेल्वेचे रूळ दिले, १३० मीटरचा एकसंध रूळ ओतून-लाटून दाखवला, जिथलं पोलाद आयएनएस विक्रांतच्या बांधणीत गेलं, तिथल्या पोराच्या ब्रेक डिस्कमध्ये पोलाद नाही याचं त्यांना नवल वाटतं. डिस्क बिडाची असते, राखाडी बिडाची. स्वयंपाकघरातला जुना तवा ज्या कुळातला, त्याच कुळातली. कारण बिडात कार्बनचे पापुद्रे असतात. ते उष्णता झटकन पसरवतात आणि थरथर गिळून टाकतात. पोलाद ताकदीला भारी, पण इथे ताकद नको, तापणं आणि निवणं हवं. हे सांगितल्यावर बाबा म्हणतात, ‘हे आम्हाला ठाऊक आहे. तू डिस्क कितीला घेतलीस ते सांग.’

तिसरा टप्पा मोठ्या कॅलिपरचा. चार पिस्टनचा कॅलिपर आणि ताटाएवढी डिस्क बसवली की गाडी अर्ध्या अंतरात थांबेल अशी समजूत असते. ती खोटी आहे, आणि खोटेपणा तपासायची सोय गाडीतच आहे. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या मोटारींना एबीएस, म्हणजे चाक अडकू न देणारी ब्रेकयंत्रणा, सक्तीचं आहे. रिकाम्या, सुरक्षित जागी जोरात ब्रेक दाबा. पायाखाली एबीएस थडथडलं, की समजा कंपनीच्या ब्रेकने चाक अडवण्याएवढी ताकद आधीच दिली आहे. त्यापुढे गाडी थांबवायचं काम टायरचं आहे. मोठी डिस्क पहिल्या वेळी गाडी लवकर थांबवत नाही. ती विसाव्या वेळी पहिल्या वेळेसारखी थांबवते. तिला उष्णता साठवायला आणि उधळायला जास्त जागा असते, एवढंच तिचं काम. जो माणूस विसाव्या वेळेपर्यंत जाणारच नाही, त्याने ती घेऊन काय करायचं, याचं उत्तर दुकानदार देत नाहीत.

शिवाय मोठी डिस्क चौदा इंची चाकात मावत नाही. म्हणून सोळा इंची चाकं. म्हणून नवे टायर. आणि एका रात्री राजनांदगावच्या पुढे पंक्चर झालं की कळतं, डिकीतली स्टेपनी अजून चौदा इंचीच आहे आणि ती त्या भव्य कॅलिपरवर बसत नाही. तिथून पुढचा प्रवास टोचनगाडीवर होतो. हेही एक प्रकारचं थांबणंच.

पॅडबद्दल थोडक्यात: पॅड बदलणं हा ब्रेक ऑइलनंतरचा सर्वांत शहाणा खर्च आहे. फक्त अस्सल शर्यतीचं पॅड गावात वापरायला घेऊ नये. ते थंड असताना पकडत नाही, तापल्यावर पकडतं. म्हणजे मद्रासला हिरो आणि रिसाली सेक्टरच्या पहिल्या चौकात झिरो. वर ते डिस्क खातं आणि असं किंचाळतं की गल्लीतली कुत्री उत्तर देतात.

आता सस्पेन्शन, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअप आणि स्प्रिंग. इथे खर्च जास्त, अभिमान जास्त आणि कंबरदुखीही जास्त. ट्रॅकवर गाडी वळणात कमी झुकावी, चाकं जमिनीला धरून राहावीत, यासाठी कडक स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉकअप लावतात, गाडी थोडी खाली घेतात. यातला ‘जुळणारे’ हा शब्द सगळ्यात महागडा, म्हणून तो आधी गाळला जातो. नुसत्या आखूड स्प्रिंग टाकल्या की जुने शॉकअप त्यांना आवरू शकत नाहीत आणि गाडी कुरकुरत डुलते. याहून स्वस्त उपाय ग्राइंडर हातात असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे: आहे तीच स्प्रिंग कापायची. त्यामागे विज्ञान नाही असं म्हणता येत नाही. वेटोळी कमी केली की स्प्रिंग खरोखरच कडक होते. पण चाक खड्ड्यात पूर्ण खाली लटकलं की ती आखूड स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटी होऊ शकते, आणि परत बसताना जागेवर बसेलच याची हमी नसते. स्प्रिंग कापणारा माणूस ‘काही होत नाही’ असं म्हणतो. त्याने कापलेल्या गाडीत तो स्वतः बसलेला मात्र दिसत नाही.

खाली घेण्याचं एक गुपित तर पुष्कळांना कधीच कळत नाही. स्विफ्ट, पोलो यांसारख्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट जातीचं सस्पेन्शन असतं. अशी गाडी प्रमाणाबाहेर खाली घेतली की खालचे आर्म उलटे वर तिरके होतात आणि ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं, तरफ लांब होते आणि गाडी वळणात पूर्वीपेक्षा जास्त झुकायला बघते. म्हणजे झुकणं कमी करायला खर्च केला आणि झुकायचं कारण वाढवून ठेवलं. वर शॉकअपची हालचाल इतकी कमी उरते की दर खड्ड्याला तो तळाच्या रबरावर आदळतो. असं असूनही खाली घेतलेली गाडी फोटोत सुंदर दिसते, हे मान्य करायला हवं. उभी असताना तर फारच.

चालायला लागली की गाठ रिसालीच्या गतिरोधकांशी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक कसा असावा हे लिहून ठेवलेलं आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची दहा सेंटीमीटर, वक्राची त्रिज्या १७ मीटर, ताशी पंचवीसच्या वेगाने ओलांडता येईल असा. स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर साधारण २.४५ मीटर. गणित केलं तर अशा गतिरोधकावर चारही चाकं चढलेली असताना त्याचा माथा चाकांच्या रेषेपेक्षा अवघा साडेचार सेंटीमीटर वर येतो. चाळीस मिलिमीटर खाली घेतलेली गाडीसुद्धा तो न घासता पार करेल. अडचण एवढीच की असा गतिरोधक मानकाच्या पुस्तकात आहे. गल्लीत जो आहे तो कुणाच्या तरी नातवाच्या काळजीपोटी, उरलेल्या डांबरातून, एका दुपारी उभा राहिलेला असतो: रुंदी हातभर आणि उंची इच्छेनुसार. त्याचा माथा पूर्ण उंचीने पोटाखाली येतो. मग ट्रॅकसाठी घडवलेली गाडी त्याच्यापुढे थांबते, तिरकी होते, एक चाक चढवते, मागच्या सीटवरच्या मंडळींना उतरवते आणि पोट चोरत पलीकडे जाते. मागून स्कुटीवर आलेल्या काकू तोवर भाजी घेऊन परत निघालेल्या असतात.

बाबांचा काळ वेगळा होता असं ते सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी घ्या किंवा अँबॅसडर. चारही चाकांना ड्रम, मागे पाट्यांची कमान. डिस्क ब्रेक तेव्हा नव्हते असं मात्र नाही. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रजाने १९०२ सालीच त्याचं पेटंट घेतलं होतं. १९५३ च्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जग्वार सी-टाइप डिस्क ब्रेक घेऊन उतरली, इतरांपेक्षा उशिरा ब्रेक दाबत राहिली आणि जिंकली. त्या शर्यतीत ताशी शंभर मैलांची सरासरी पहिल्यांदा ओलांडली गेली. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली, तेव्हा तिकडे डिस्क जुनी झाली होती आणि इकडे पुढची कित्येक वर्षं लोक ड्रमवरच उतारावरून देवाचं नाव घेत उतरत होते. बोरघाटातल्या शिंग्रोबाच्या देवळात चालकांनी नाणं टाकायची रीत त्याच काळात उगाच टिकली नाही.

आणि महाराष्ट्राने या खेळात नुसती नाणीच टाकली असं नाही. चाकणला बनलेल्या पोलोची शर्यतमालिका फोक्सवॅगनने २०१० साली सुरू केली. पहिल्या वर्षीची ती शर्यतीची गाडी चक्क डिझेलवर धावली. आतले गालिचे, मागची सीट सगळं काढून पिंजरा बसवलेला, पॅड आणि शॉकअप शर्यतीचे. पुढे याच कंपनीच्या कप मालिकांमध्ये कोल्हापूरचे ध्रुव मोहिते यांच्यासारखे चालक दिसले. कोल्हापुरात मोहित्यांचा कार्टिंगचा ट्रॅक आहे, आणि कार्टला सस्पेन्शन नावाची गोष्टच नसते. चौकट वाकते तेवढंच काय ते. शॉकअपवर दीड लाख घालू पाहणाऱ्याने आधी एक दिवस कार्टमध्ये बसावं, वळण कुठून घ्यायचं हे बऱ्याच कमी पैशांत कळतं.

कायद्याचं काय, हा प्रश्न रिसालीत कुणी विचारत नाही, म्हणून इथे सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मन मानेल तसे बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ नोंदीविरुद्ध जाणारे बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. रस्त्यावर वेगाची चाचणी घेणं कलम १८९ खाली गुन्हा. विम्याची पॉलिसी उघडून पाहिली तर संघटित शर्यत, वेगचाचणी असल्या उद्योगांना संरक्षण नाही असं बारीक अक्षरात असतं. म्हणजे ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर खर्च स्वतःचा. बारीक अक्षर वाचण्याची सवय चाळिशीनंतर लागते आणि तेव्हा ते दिसत नाही.

चेन्नईला जाऊन येणाऱ्याची खरी परीक्षा तरी ट्रॅकपासून कितीतरी दूर होते. बस्तरच्या वाटेवर कांकेरच्या पुढे केशकालचा घाट लागतो. एकापाठोपाठ एक वळणं, समोरून लोखंडाचा दगड भरलेले ट्रक. वाटेत तेलिन मातेचं देऊळ आहे, चालक तिथे थांबून हात जोडतात. ट्रकवाला उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनवर गाडी रोखत उतरतो, ब्रेक राखून ठेवतो. शर्यतीचं पॅड आणि लाल कॅलिपर घेतलेला आपला वीर परतताना अशाच ट्रकच्या मागे ब्रेकवर पाय ठेवूनच उतरतो आणि खाली आल्यावर कसला तरी वास येतोय म्हणून खिडकी उघडतो. त्या ट्रकवाल्याला कुठल्याही ट्रॅकवर शिक्षक म्हणून ठेवायला हरकत नाही.

ट्रॅकवरही तेच. सत्राची शेवटची फेरी ब्रेक न तापवता, हळू मारायची असते, म्हणजे डिस्कला वारा लागतो. परत आल्यावर हँडब्रेक ओढायचा नसतो. गाडी गिअरमध्ये टाकून चाकाला अडण लावायची, कारण तापलेला ब्रेक एका जागी चिकटून राहिला की तिथेच बिघाडाला सुरुवात. पुष्कळदा ज्याला लोक ‘डिस्क वाकली’ म्हणतात, ती वाकलेली नसतेच. तापलेल्या पॅडचा थर तिच्यावर एका जागी जास्त बसलेला असतो आणि म्हणून पेडल थरथरतं. हे सगळं फुकट आहे, म्हणून फारसं कुणी करत नाही.

तेव्हा रिसालीत, शेजारच्या मरोद्यात किंवा अगदी नागपुरातही कुणी पहिल्या ट्रॅक डेची तयारी करत असेल, तर त्याने क्रम उलटा धरावा: आधी ब्रेक ऑइल, मग जरा वरच्या दर्जाचे पॅड, मग चांगले टायर आणि अलाइनमेंट; शॉकअप थकले असतील तर नवे, आणि स्प्रिंग आहे त्याच उंचीला. कॅलिपर, डिस्क, खाली घेणं हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, तेही गाडीने मागितलं तर. आणि दुकानातून ब्रेक ऑइल घेताना सीलबंद बाटलीच घ्या. मागच्या वर्षी अर्धी वापरून कपाटात ठेवलेली बाटली, झाकण कितीही घट्ट लावलेलं असलं तरी, ट्रॅकसाठी वापरू नका.